वरच्या तळ्याला कोण पळतं?

४ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

भिंगरी पोचल्याचं कळलं. "सगळं मजेत आहे गं ताई, काळजी करू नकोस," असं तू फोनवर हसत हसत म्हणालीस आणि तिथूनच माझी काळजी सुरू झाली. काही लपवायचं असलं की तू आधी हसतेस, ही तुझी लहानपणापासूनची खोड. म्हणून आजपासून फोन बंद. मला पत्र लिहायचं. बोलताना माणूस निसटतो, लिहिताना बरोबर सापडतो. तिचा फोन मी इथेच ठेवून घेतलाय, तेव्हा तिचीही काही वेगळी कहाणी मला ऐकू येणार नाही. जे काही येईल ते तुझ्या हातून येईल, हे लक्षात ठेव.

तू नेहमी अर्धंच ऐकतेस म्हणून पुन्हा सांगते. डिसेंबरात तिची धावण्याची निवड चाचणी आहे. सर म्हणतात, मैदानावर गोल गोल पळून पोरीचा वेग जिथल्या तिथे अडकलाय; दोन महिने डोंगरात चढउतार झाली की छातीत दम येईल. तुझ्याकडे डोंगर आहेत, एक सोडून दोन तळी आहेत. म्हणून लेक पाठवली. तुझ्या फ्रेमच्या दुकानात काचा पुसायला नाही पाठवलेली.

रोज ती कुठल्या वाटेने पळते ते सविस्तर लिही. मी नकाशा कचेरीत बसते हे विसरू नकोस. तुमच्या भागाचा नवा नकाशा सध्या माझ्याच टेबलावर आहे.

तुझी,
ताई

९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

काय गं तुझा हा दरारा! पाकीट फोडताना मी देवाचं नाव घेतलं, आणि पोस्टमनला वाटलं वाईट बातमी आहे.

भिंगरी अगदी छान आहे. उजाडलं की निघते. दुकानापासून सरळ जुन्या पुलावर, पुलापलीकडे उजवीकडे वळून खालच्या तळ्याच्या काठाकाठाने. तिथे पाण्याला इतकं लागून वाट आहे की पळताना आपलंच प्रतिबिंब सोबतीला असतं. पुढे सुरूच्या झाडांचं बन, त्यातून वर टेकडीच्या खांद्यावर, आणि मागच्या बाजूने उतरून घरी. हवा निर्मळ, पक्ष्यांचा किलबिलाट, धुक्याची शाल पांघरलेला निळाशार जलाशय! अशा वाटेने पळायला मिळणं हे भाग्यच की नाही? आल्यावर दूध घेते, अंडी खाते. तुला पत्र लिहिणार होती, पण दमून झोपली.

दुकान जोरात आहे. सुट्टीवर आलेले लोक तळ्याचे फोटो काढतात आणि घरी नेण्याआधी माझ्याकडून मढवून घेतात. सगळ्यांचे फोटो सारखेच असतात, पण तसं बोलायची सोय नाही.

तुझी,
धाकटी

१३ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

"धुक्याची शाल पांघरलेला निळाशार जलाशय" हे तू लिहिलंस? किराण्याच्या यादीच्या पलीकडे जन्मात काही न लिहिलेली तू? मला तिथेच शंका आली. पण शंकेवर मी कोणाला पकडत नाही.

नकाशावरची वाकडी वाट मोजायची आमची एक पद्धत आहे. दोरा ओला करायचा, वाटेच्या वळणावळणाने नकाशावर चिकटवायचा, मग उचलून पट्टीवर सरळ धरायचा. दुपारच्या सुट्टीत तुझी वाट अशी मोजायला घेतली. पूल सापडला, उजवं वळण सापडलं आणि पुढे दोरा सरळ पाण्यात गेला.

धाकटे, धरणाची दारं लावल्यापासून खालच्या तळ्याची ती काठची वाट पाण्याखाली आहे. पाण्याची नवी रेघ मी स्वतः ओढलीय. तेव्हा माझी लेक रोज सकाळी पळते की पोहते, ते आधी कळव. का ते वर्णन तू त्या फुकट वाटतात तसल्या पर्यटकांच्या जुन्या पुस्तिकेतून उतरवलंस?

कुठेतरी पाणी मुरतंय. मला तिच्या हातचं पत्र हवं. तिच्या बाबांनी माझ्या खांद्यावरून नकाशा पाहिला आणि म्हणाले, "अगं, बहीण आहे ती तुझी, चोर नाही." मी म्हटलं, बहीण आहे म्हणूनच ओळखते.

ताई

१९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

हरले बाई. पुस्तिकाच होती. मला तुझ्यासारखं वाटांचं वर्णन कुठे जमतं, म्हणून चार ओळी उचलल्या. त्यासाठी इतकी खरडपट्टी काढायचं कारण नव्हतं.

आता खरी वाट ऐक. दुकानामागच्या पायऱ्यांच्या गल्लीने वर. पायऱ्या भयंकर आहेत. पहिल्या वळणावर दंतवैद्याची पाटी येते, तिथेच कोणालाही वाटावं की पुरे झालं. शाळेच्या मागे लोखंडी फाटक आहे. ते ढकलून उघडत नाही, वर उचलावं लागतं आणि मग ते रडल्यासारखा आवाज करतं. तिथून मातीची वाट. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसतं खाली. छातीत भाता चालू होतो. खिंडीत पोचलं की वारा असा अंगावर येतो की घाम क्षणात थंड पडतो, आणि मग ताई, दोन्ही तळी एकदम दिसतात! खालचं करडं, वरचं हिरवं. मी इथे इतकी वर्षं राहते, पण हे काही मला माहीत नव्हतं, म्हणजे भिंगरीने सांगेपर्यंत.

पुढे उतार, आणि वरच्या तळ्याला वळसा. काठावर एक बाक आहे, त्याची मधली फळी मोडलीय, त्यामुळे एका कडेलाच बसावं लागतं. एक म्हातारबुवा कुत्रा घेऊन येतात. कुत्रा त्यांच्याहून म्हातारा आहे. बदकं माणसाला अजिबात भीत नाहीत.

लाव तुझा दोरा.

धाकटी

ता. क. खाली भिंगरीच्या हातचं, तुझ्या समाधानासाठी.

आई, मी बरी आहे. इथे भूक लागते. झोपही लागते. बाबांना सांग. — भिंगरी

२४ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

दोरा लावला. वाट खरी आहे, फाटक नकाशात आहे, खिंडही आहे. यावेळी वाटेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे.

पळणाऱ्या पोरीला बाकाची मधली फळी मोडलीय हे कसं कळतं? एका कडेला बसावं लागतं, हे बसल्याशिवाय कळेल का? मी तिला पळताना आयुष्यभर बघत आलेय. तिला पुढची रेघ दिसते, बाकी काही दिसत नाही. एकदा मैदानाच्या कडेला आग लागली होती, बंब आला, आणि घरी आल्यावर ही विचारते, कुठली आग? ती मुलगी आता बदकं बघते, वारा खाते, बाकावर बसते. एकटं माणूस असं बसत नाही.

कोण आहे तो?

उगाच हसू नकोस. दुकानात कोण कोण येतं त्यांची नावनिशी कळव. त्या म्हातारबुवांना नातू आहे का? आणि तिच्या त्या दोन ओळींत पळण्याबद्दल एक अक्षर नाही, हे तू वाचलंस की नाही? भूक लागते, झोप लागते! चाचणी तोंडावर आलेली, आणि मुलीला झोप लागते. माझी उडालीय.

मी चिडलेली नाही, घाबरलेय. ती माझ्या हातातून निसटतेय असं मला इथे टेबलाशी बसून वाटतं, आणि समोर नुसता कागदावरचा डोंगर.

ताई

३० ऑक्टोबर

प्रिय ताई,

हसू नकोस म्हणालीस म्हणून तोंडावर हात ठेवून हसले.

दुकानात येणारे पुरुष असे: पोस्टमन, ज्याला तुझी पत्रं आणून आणून आता तुझी भीती वाटते. दंतवैद्य, वय साठ, येतो तो त्याच्या प्रमाणपत्राची काच बदलायला. म्हातारबुवांना नातू नाही, नात आहे, ती परगावी. भिंगरीचं कोणाशी काही नाही, हे मी तुला शपथेवर सांगते, आणि माझी शपथ खोटी नसते हे तुलाही ठाऊक आहे. बाकावर बसणं म्हणजे बुटाची नाडी बांधणं झालं. तू तर राईचा पर्वत करतेस.

आता तुझा सल्ला हवाय. तू तिला इतकी वर्षं पळवलंस, तुला माहीत असेल. उतारावर गुडघ्याच्या वाटीखाली टोचतं, त्याला काय करावं? शेक द्यावा की बर्फ? आणि पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं तर ते गळून जातं का? तसं विशेष काही नाही, आपलं विचारून ठेवावं म्हणून. शिवाय चढ चढताना श्वास नाकाने घ्यायचा की तोंडाने?

धाकटी

३ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

बर्फ. नख गळतं, पुन्हा येतं. श्वास जसा मिळेल तसा घ्यायचा.

बाकी काही विचारत नाही. तुझी शपथ मी मानते.

ताई

९ नोव्हेंबर

प्रिय धाकटे,

मागच्या पत्रात मी इतकी गुणी झाले, तेव्हाच तुला संशय यायला हवा होता. तुझ्या जागी मी असते तर आला असता.

गुडघा दुखतोय आणि माझ्यापासून लपवताय, असं मी धरून चालले. परवा रजा टाकली आणि पहाटेच्या गाडीने तुमच्या गावात उतरले. दुकानाकडे फिरकलेही नाही. तुम्ही दोघी सावध झाला असता. सरळ पायऱ्यांची गल्ली, फाटक, खिंड. नकाशा सोबत होता, पण तुझ्या पत्रामुळे तो उघडावा लागला नाही. फाटक खरंच रडतं. बाकावर मोडक्या फळीच्या कडेला बसले, मोठा नकाशा तोंडासमोर धरला आणि माझी लेक कशी लंगडते ते बघायला डोळ्यांत तेल घालून थांबले.

आधी धापा ऐकू आल्या. मला वाटलं गाय असावी.

मग वळणावरून तू आलीस. भिंगरीचं निळं जॅकेट घालून, पोटावर ते बंद होत नव्हतं. अंबाडा सुटलेला, तोंड लालबुंद. म्हातारबुवांना तू हात केलास, कुत्र्याला हाक मारलीस, माझ्यापासून चार हातांवरून गेलीस आणि पुढच्या दगडाशी थांबून खिशातून कागद-पेन्सिल काढलीस. पाण्याकडे बघायचीस, लिहायचीस. पाण्याकडे बघायचीस, लिहायचीस. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पत्रातल्या त्या वाटेवर पळणारे पाय कोणाचे होते.

अशी चीड आली की उठून तुझा कान धरावा. पण म्हटलं, आधी दुसऱ्या चोराला मुद्देमालासकट पकडू, ही परत येण्याआधी. आणि तडक खाली उतरले.

दुकानासमोर रस्त्यापलीकडे उभी राहिले. ती काचेमागे होती. फोटोभोवतीचा पुठ्ठा कापत होती, पट्टी धरून, जिभेचं टोक दातात धरून. ओठ हलत होते, म्हणजे गुणगुणत होती. ती गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. मान वर करून तिने बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे एक बाई उभी, गिऱ्हाईक असेल, असं वाटून ती हसली. फार छान हसली, धाकटे. मग तिने मला ओळखलं आणि ते हसू गेलं. हातातलं पातं खाली ठेवून ती ताठ उभी राहिली, शाळेत बाई वर्गात आल्यावर मुलं राहतात तशी.

परक्या बाईला जे मिळालं ते मी आहे म्हटल्यावर परत घेतलं गेलं. मोठ्या तोऱ्यात चोर पकडायला आले होते. तिथून वळले आणि मिळेल त्या गाडीत बसले.

तू खोटं बोललीस, त्याचं मला वाईट वाटलं. पण रागवायला म्हणून बसले तर राग कुठे ठेवलाय तेच सापडेना. सरांना अजून काही सांगितलेलं नाही.

ताई

१३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

मी खोटं बोलले. शपथ मात्र मुलाबद्दल होती, ती खरी.

आल्या दिवशीच तिने बूट कपाटावर टाकले आणि म्हणाली, "मावशी, मी आता पळणार नाही. आईला सांगू नकोस." मला वाटलं, दमलीय, आठ दिवसांत उठेल. तोवर तुला चार ओळी लिहून वेळ मारून नेऊ. तू दोरा पाण्यात बुडवलास तेव्हा माझं धाबं दणाणलं. ही काही आई नव्हे, हे पोलीस खातं आहे, हिला खरी वाटच द्यावी लागणार! म्हणून तिचे बूट काढून मीच गेले. पहिल्या दिवशी दंतवैद्याच्या पाटीशी बसकण मारली. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत गेले. खिंडीत पोचले त्या दिवशी तिथे उभी राहून रडले, कशासाठी ते विचारू नकोस, मलाही सांगता येणार नाही.

गुडघा माझा. नखही माझंच, गळलं. आता तुझ्या पत्रासाठी जात नाही, जावंसं वाटतं म्हणून जाते.

पण ताई, तू चार हातांवर होतीस आणि हाक मारली नाहीस? तुझा मला खरंच राग आलाय. तिचं पत्र सोबत आहे. मी ते वाचलेलं नाही.

धाकटी

१३ नोव्हेंबर

आई,

मावशीला ओरडू नकोस. मी सांगितलं म्हणून तिने केलं.

पळणं वाईट होतं असं नाही. रोज रात्री तू माझ्या पोटऱ्या दाबून द्यायचीस, ते मला फार आवडायचं. पण दाबताना तू उद्याच्या सरावाचंच बोलायचीस. जेवताना सरावाचं, बाबा आले की सरावाचं. मला वाटायला लागलं की माझे पाय थांबले तर आपल्या दोघींकडे बोलायला काही उरणार नाही. मग मला पळताना त्याचीच भीती वाटायची. वेग अडकला तो डोंगर नसल्यामुळे नाही. हे तुला समोर सांगायची हिंमत झाली नसती.

त्या दिवशी तू दिसलीस तेव्हा तुला बघून हसू गेलं, असं तुला वाटलं असेल. मावशीने मला तुझं पत्र वाचायला दिलं. आई, तू दिसल्या दिसल्या मी माझ्या पायांकडे पाहिलं. पायात चपला होत्या, बूट नव्हते. आता पकडले गेले, एवढंच मनात आलं. मान वर केली तर तू नव्हतीस.

दुकान तसंच उघडं टाकून मी निघाले. चपला पुलाजवळ काढल्या, पळता येईना. स्टँडवर पोचले तर गाडी फाटकातून बाहेर पडत होती. खिडकीत तू दिसलीस. तुझ्या खिडकीबरोबर मी वळणापर्यंत पळाले. तू समोरच बघत होतीस. हाक मारायला श्वास उरला नव्हता. मग गाडी पुढे गेली, आणि मी रस्त्यात बसले. मावशीने येऊन घरी नेलं.

मला तुला थांबवून काही मोठं सांगायचं नव्हतं. "आई, आत ये," एवढंच म्हणायचं होतं.

भिंगरी

१८ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र कचेरीत फोडलं ही माझी चूक झाली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगावं लागलं की डोळ्यात शाई गेली.

मी समोर बघत होते, कारण गाडीत पलीकडच्या सीटवरचा माणूस माझ्याकडे टक लावून बघत होता, आणि मी तोंड फिरवलं असतं तर मी रडतेय हे त्याला कळलं असतं. खिडकीकडे वळले असते तर तू दिसली असतीस. याचा विचार मी कालपासून किती वेळा केला ते तुला सांगत नाही.

सरांना फोन केला. चाचणीला येणार की नाही, असं त्यांनी दरडावून विचारलं. मी म्हटलं, मुलीला विचारून सांगते. ते म्हणाले, म्हणजे काय? मी म्हटलं, म्हणजे विचारून. तू काय सांगशील ते मी त्यांना तसंच कळवेन, आणि त्यात माझं काही घुसडणार नाही. तुला संशय येईल, येऊ दे. माझ्या घरात वाढलीस, येणारच. तुझा फोनही घेऊन येतेय.

मावशीला म्हणावं, हाक मारली नाही हे चुकलंच. आणि पोटावर बंद होईल असं जॅकेट घे, दिसायला बरं नाही ते.

शुक्रवारी रजा मिळालीय. गाडी दुपारी पोचते. आपण काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि खरं सांगू, मलाही त्याची भीती वाटते. नाहीच सुचलं तर तू तुझा पुठ्ठा काप, मी शेजारी बसून काचा पुसेन. पण रस्त्यापलीकडे उभी राहणार नाही. दार ढकलून आत येईन.

तुझी,
आई